पंगतीतली जागा

८ फेब्रुवारी १९४० च्या रात्री न्यूयॉर्कच्या युनियन क्लबमध्ये एक मेजवानी झाली. यजमान होते जॉन डी. रॉकफेलर, म्हणजे तेलसम्राट रॉकफेलरांचे चिरंजीव. निमंत्रणं चारशेच्या आसपास गेली होती, आले पंचाहत्तरच्या घरात. पण आलेल्यांत मोठे बँकवाले होते, कंपन्यांचे मालक होते. हॉलमधल्या सगळ्यांची संपत्ती एकत्र केली तर एक अब्ज डॉलर सहज भरतील, असा हिशेब तिथल्याच काही जणांनी मनात मांडला होता. हिशेब मांडणारे स्वतः कफल्लक होते. ती सगळी दारू सोडलेली माणसं होती आणि मेजवानी त्यांच्याच कामासाठी होती.

पाच वर्षांपूर्वी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारात उठबस असलेला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले होते. दोघांनाही दारूनं पार पोखरलं होतं. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी बोलत राहिलं की त्या दिवसापुरतं पिणं टळतं, हे त्यांना कळलं आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे ‘एए’, ही संघटना उभी राहिली. १९३९ मध्ये त्यांनी पुस्तक छापलं, ते खपेना. कर्ज वाढलं, बिल आणि त्याची बायको लोइस यांना राहतं घर सोडावं लागलं. रॉकफेलरांकडे आधी पन्नास हजार डॉलर मागून झाले होते. त्यांनी पाच हजार दिले आणि पैशानं हे काम बिघडेल अशी काळजी बोलून दाखवली. तेच रॉकफेलर आता मेजवानी देत आहेत म्हटल्यावर या मंडळींच्या आशा पुन्हा पालवल्या.

प्रत्येक टेबलावर पाहुण्यांच्या सोबत दारू सोडलेला एकेक जण बसवला होता. मॉर्गन नावाच्या अशा एकाला शेजारच्या बँकवाल्यानं सहज विचारलं, आपण कुठल्या संस्थेत असता? मॉर्गननं सांगितलं, सध्या कुठल्याच नाही. नऊ महिन्यांपूर्वी मात्र ग्रेस्टोनच्या मनोरुग्णालयात होतो. टेबलावरच्या मंडळींचं कुतूहल जागं झालं आणि गप्पा रंगल्या. नंतर हॅरी इमर्सन फॉस्डिक हे नामांकित धर्मोपदेशक बोलले, फॉस्टर केनेडी हे मेंदुविकारतज्ज्ञ बोलले. यजमान रॉकफेलरांची तब्येत ठीक नसल्यानं यजमानपद त्यांचा मुलगा नेल्सन सांभाळत होता. पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झालेला तो हाच. शेवटी तो उठला आणि म्हणाला, की हे काम सद्भावनेवर चालतं, एक माणूस दुसऱ्याला मदत करतो आणि त्यात पैशाचा संबंध येत नाही. म्हणून या मंडळींनी स्वतःच्या पायांवर उभं राहावं, आपण त्यांना फक्त शुभेच्छा द्याव्यात. टाळ्या झाल्या, हस्तांदोलनं झाली आणि ते अब्ज डॉलर दाराबाहेर निघून गेले.

नंतर रॉकफेलरांनी स्वतःचे एक हजार डॉलर दिले, पाहुण्यांना पत्र पाठवलं, सोबत पुस्तकाच्या प्रती धाडल्या. त्यातून आणखी काही हजार जमले. एवढीच त्या रात्रीची कमाई. निधी जमवणारा कुणीही आज ती फसलेली म्हणेल. मला ती या प्रकारातली सगळ्यात यशस्वी मेजवानी वाटते. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि ‘दारुडे’ म्हणून ज्यांना दारातून हाकलत होते ती माणसं रॉकफेलरांच्या पंगतीला बसली, हे देशभर समजलं. वर्षभरानं ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि दोन हजारांची सभासदसंख्या त्याच वर्षात आठ हजारांवर गेली. पुढे १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात या संघटनेनं बाहेरच्या देणग्या घ्यायच्याच नाहीत, हे तत्त्व कायमचं मान्य केलं. मुंबई-पुण्यात चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत ‘एए’ची मीटिंग भरते तिथेही हेच चालतं. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो त्यात टाकतो, भाडं आणि चहा त्यातून भागतो.

पण सगळ्यांना असं भागवता येत नाही. ज्याला गर्दची टर्की लागली आहे, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास सुरू झाला आहे, ज्याचं यकृत गेलं आहे, ज्याला फिट येऊ शकते, त्याला खाट लागते, डॉक्टर लागतो, औषधं लागतात, रात्रपाळीची परिचारिका लागते. दुःखात सोबत करण्याच्या कामाचंही तसंच: नवरा गेल्यावर दोन लेकरांना घेऊन सुन्न बसलेल्या बाईशी बोलायला तयार झालेलं माणूस लागतं, आणि त्या माणसालाही घरभाडं असतं. म्हणून निधीसाठी कार्यक्रम होतात. दिवाळी संपली की आपल्याकडे त्यांचा हंगाम सुरू होतो. नाट्यगृह ठरतं, गाण्याची मैफल किंवा नाटकाचा प्रयोग ठरतो, देणगी प्रवेशिका छापल्या जातात, आणि कार्यकर्ते स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी दुकानं नि कारखाने पालथे घालतात. बाहेरच्यांना वाटतं पैसा तिकिटांतून येतो. बऱ्याचदा तिकिटांतून जेमतेम सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा आणि कलाकारांचा प्रवासखर्च निघतो. हातात राहतं ते स्मरणिकेतल्या अर्ध्या पानाच्या आणि पाऊण पानाच्या जाहिरातींचं. त्या जाहिराती गोळा करणारा माणूस कार्यक्रमाच्या रात्री बहुधा विंगेत उभा असतो.

मराठी माणसाला मदतीचा प्रयोग नवा नाही. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी स्वतःच्या प्रयोगांतून आणि पुस्तकांतून आलेला पैसा आपल्या प्रतिष्ठानमार्फत कितीतरी संस्थांना दिला. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारानं सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी नावाजलेल्या नटनट्यांना घेऊन अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले गेले. त्यातला एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. जमलेल्या पैशातून त्यांनी इमारत बांधली नाही. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं, हे त्या निधीचं काम ठरलं. देणगीदाराला कोनशिलेवर नाव दिसतं, पगारपत्रकावर दिसत नाही. तरीही लोकांनी दिलं, कारण मागणाऱ्यांनी नीट समजावून मागितलं.

व्यसनमुक्तीचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं घर, पुण्याचं मुक्तांगण, हेही अशाच एका देण्यातून उभं राहिलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबई-पुण्यात गर्द म्हणजे ब्राऊन शुगर गल्लीबोळांत पोचली होती. १४ नोव्हेंबर १९८५ ला अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला, पण कायद्यानं पकडलेल्या पोराला बरं कुठे करायचं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. लेखक अनिल अवचटांनी या पोरांमध्ये फिरून, त्यांच्या आयांशी बोलून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई हलले आणि त्यांच्या प्रतिष्ठाननं एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं. एक लाख ही त्या काळीही अशा कामाला पुरणारी रक्कम नव्हती. पण पु. लं.नी गर्दुल्ल्यांसाठी पैसे दिले, ही बातमी त्या रकमेहून मोठी ठरली. ज्या घरात मुलाचं व्यसन शेजाऱ्यांपासून लपवलं जात होतं, तिथल्या बापाला पु. लं.चं नाव ऐकून निदान चौकशीला येण्याचा धीर झाला असणार.

डॉ. अनिता १० फेब्रुवारी १९९७ ला कर्करोगानं गेल्या, अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ ला. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आता काम पाहतात. संस्थेची आज आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत स्वतःची वास्तू आहे. निवासी उपचार पस्तीस दिवसांचे, पण खरं काम सुरू होतं ते छत्तिसाव्या दिवसापासून, जेव्हा माणूस आपल्याच गल्लीत परततो आणि जुने दोस्त नाक्यावर उभे असतात. म्हणून फॉलोअप. म्हणून न पिता काढलेल्या वर्षांचे वाढदिवस, ज्यात बायको-मुलंही येतात. म्हणून बायकांचा वेगळा गट, ‘सहचरी’. इथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेले अनेक जण आहेत. समोरचा खोटं कुठे बोलतोय हे त्यांना लगेच कळतं आणि त्याचा त्यांना रागही येत नाही.

या सगळ्याला किती माणसं लागतात याचा विचार करा. केंद्र सरकारसाठी एम्सच्या तज्ज्ञांनी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असं तिनं सांगितलं. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला होता, आणि दाखल होऊन उपचार मिळाले ते एकशेऐंशीत एकाला. हे आकडे वाचल्यावर खाटा कमी आहेत असं पहिल्यांदा वाटतं. खाटाही कमी आहेतच. पण त्याहून कमी आहेत ते सहा महिन्यांनी फोन करून ‘कसा आहेस?’ विचारणारे लोक.

आणि निधीसंकलनाच्या व्यासपीठाची अडचण नेमकी इथे येते. देणाऱ्याला निकाल हवा असतो. किती आले, किती सुटले? अमेरिकेच्या ‘नायडा’ या संशोधन संस्थेच्या मते उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण चाळीस ते साठ टक्के असतं, म्हणजे रक्तदाब किंवा दमा पुन्हा उसळण्याच्या प्रमाणाइतकंच. रक्तदाबाचा रोगी गोळ्या चुकवून पुन्हा दवाखान्यात आला तर दवाखाना अपयशी ठरला असं आपण म्हणत नाही. पण स्लिप झालेला, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळलेला, माणूस परत आला की घरचे म्हणतात पैसे वाया गेले, आणि देणगीदारही आकडा बघून तेच म्हणतो. मग संस्थेवर दबाव येतो, की स्टेजवर एक झळझळीत बरा झालेला माणूस उभा करा. तो उभा राहतो, गटार ते व्यासपीठ असा प्रवास सांगतो, सभागृह रडतं, शाल-श्रीफळ होतं. त्या माणसाचं न पिणं कदाचित आठ महिन्यांचं असतं. टाळ्या थांबल्यावर त्याला जे एकटेपण येतं, त्याची कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते. पुढे कधी तो घसरला तर ज्या हजार लोकांनी त्याला पाहिलं त्यांच्यासमोर जाणं त्याला सगळ्यात अवघड होतं; आणि त्या केंद्राचं दारही त्यातलंच एक असतं. लाजेनं तो तिथेच जात नाही.

म्हणून मी संस्थांना एक कळकळीचं सांगणं मांडतो. ज्याला बोलायचं आहे त्याला जरूर बोलू द्या. पण किमान काही वर्षं तरलेल्याला, आणि त्याच्या घरच्यांना विचारून. मुलांना अजिबात स्टेजवर आणू नका. बाप प्यायचा तेव्हाचं सांगणारा दहा वर्षांचा मुलगा सभागृहाचे खिसे मोकळे करतो हे खरं आहे, पण दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत जायचं असतं.

दुःखात सोबत करणाऱ्या कामासाठी पैसा उभा करणं याहून कठीण. व्यसनाच्या गोष्टीला निदान शेवट दाखवता येतो. मृत्यूनंतरच्या दुःखाला दाखवण्यासारखा शेवट नसतो. आपल्याकडे एक समज पक्का आहे, की दुःख घरच्यांनी आणि भावकीनं निभवायचं असतं, त्यासाठी संस्था कशाला? तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं हे खरंच आहे, आणि त्या गर्दीचा आधारही खरा असतो. चौदाव्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात एक बाई उरते, आणि किती पोळ्या लाटायच्या हे तिला कळत नाही. नवरा दारूनं गेला असेल तर तिला आणखी एक ओझं असतं: मार थांबला म्हणून वाटणारी सुटका, आणि सुटका वाटते म्हणून वाटणारी शरम. हे ती सासरी बोलू शकत नाही, माहेरीही नाही. आत्महत्येनं माणूस गेलेल्या घरात तर बोलणंच बंद होतं. भेटायला येणारे कारण विचारतात, आणि प्रत्येक विचारण्यात घरच्यांना आरोप ऐकू येतो.

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यात सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात होत्या. अमेरिकेत ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका अभ्यासानुसार एका आत्महत्येची झळ किंवा धक्का सरासरी एकशेपस्तीस ओळखीच्या माणसांपर्यंत पोचतो. आपल्या गावगाड्यात तो आकडा लहान असेल असं मला वाटत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर ‘पात्र’ ठरलेल्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. पण त्या बाईला रात्री झोप लागते का, मुलगा शाळेत बोलतो का, हे विचारण्याची तरतूद त्या एक लाखात नाही. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे विदर्भ-मराठवाड्यात अशा घरांना पंधरा हजारांचे धनादेश देत फिरले आणि ‘नाम’ या त्यांच्या संस्थेसाठी बघता बघता कोट्यवधी रुपये जमले. लोकांना द्यायचं असतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. विश्वासाचं माणूस मागायला हवं, एवढंच.

पैशाशिवायही या क्षेत्रात किती होऊ शकतं, ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये दाखवलं. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, ही प्रथा बंद करण्याचा ठराव त्या ग्रामपंचायतीनं केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. करोनाच्या साथीत हेरंब कुलकर्णी यांनी सुरू केलेल्या करोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी राज्यभर एकट्या पडलेल्या बायकांपर्यंत पोचून कागदपत्रं, योजना, मुलांच्या शाळा यांची कामं अंगावर घेतली. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तिच्या सोबत जाणं हेही दुःखात साथ देणंच आहे. समुपदेशनाच्या बंद खोलीइतकंच ते खरं आहे. पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५ पासून हेल्पलाइन चालवते आणि आत्महत्येत माणूस गमावलेल्यांसाठीही काम करते. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये, मुक्तांगणच्याच वर्षी, सुरू झालं. अखेरच्या टप्प्यावरच्या कर्करुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. अशा ठिकाणी रुग्ण गेल्यावर नातेवाइकांचं काय, हा प्रश्न रोज समोर असतो.

मोठ्या रात्रीच्या एका कार्यक्रमाऐवजी वर्षभर थोडं थोडं मागण्याचा प्रयोग केरळनं केला आहे. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत ते मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत गावोगावच्या स्वयंसेवकांच्या हातात गेलं. दुकानात ठेवलेली पेटी, रिक्षावाल्याचे, मजुरांचे, विद्यार्थ्यांचे पैसे, महिन्याकाठी ठरलेली छोटी रक्कम, अशा वर्गणीवर परिचारिकेचा पगार आणि गाडीचं इंधन निघतं. दरवर्षी १५ जानेवारीला तिथे या कामाचा दिवस पाळतात, संकलन होतं, शाळा सहभागी होतात. २००८ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी धोरणही जाहीर केलं. रुग्ण गेल्यावरही स्वयंसेवक त्या घरी जात राहतात, कारण ते शेजारच्याच गल्लीतले असतात. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारी मंडळं प्रत्येक वाडीत आहेत, पावतीपुस्तकं आहेत, घराघरांची ओळख आहे. ही यंत्रणा उभी करायला केरळला कितीतरी वर्षं लागली. आपल्याकडे ती तयार आहे आणि वर्षातले अकरा महिने रिकामी असते. एखाद्या मंडळानं आपल्या वॉर्डातल्या एका समुपदेशकाचा पगार उचलायचं ठरवलं, तर ते अवघड नाही.

कंपन्यांचा पैसाही आता मोठा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि आरोग्य त्यात बसतं. पण तिथे तीन वर्षांचा प्रकल्प, संख्या आणि छायाचित्रं लागतात. रुग्णवाहिका मिळते, संगणक मिळतात. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या समुपदेशिकेचा पगार टिकवायला पैसे मिळत नाहीत, आणि ती दुसरीकडे गेली की तिच्यासोबत शेकडो घरांचा विश्वास जातो. निधीसंकलनाचे कार्यक्रम म्हणूनच टिकायला हवेत. कुणाच्याही अटीशिवाय आलेला, पगाराला वापरता येणारा पैसा संस्थेला तिथूनच मिळतो.

तेव्हा या हिवाळ्यात कुणी प्रवेशिका घेऊन दारात आलं तर त्यांना बसवून घ्या. तिकीट घ्या आणि कार्यक्रमाला खरोखर जा, रिकाम्या खुर्च्यांचं सभागृह कार्यकर्त्यांना खचवतं. देणगी देण्याआधी तीन गोष्टी जरूर विचारा: समुपदेशक किती आहेत, त्यांना पगार किती मिळतो, आणि बरं होऊन घरी गेलेल्या माणसाशी, किंवा दुःखात पडलेल्या घराशी, किती वर्षं संपर्क ठेवला जातो. उत्तर पटलं तर एकरकमी मोठा आकडा देण्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा, म्हणजे संस्थेला पगाराची तारीख पाळता येते. दुकान किंवा कारखाना असेल तर उपचार घेऊन आलेल्या एका माणसाला कामावर ठेवा. आणि तुमच्या स्वतःच्या घरात कुणी व्यसनाच्या वाटेवर असेल, किंवा कुणाच्या जाण्यानं घर सुन्न झालं असेल, तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं, दिवसा आणि रात्रीही.